मदत हवी आहे: डाल्टन ट्रंबो यांची चित्रपटसूची कशी लावावी?

नमस्कार मंडळी. अमेरिकी पटकथालेखक ट्रंबो यांच्या पटकथांची मराठी सूची करतो आहे, पण श्रेयाच्या रकान्यात गाडी अडली आहे. १९४७ नंतर ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीत) गेले आणि त्यांचं लेखन दुसऱ्यांच्या नावानं पडद्यावर आलं. 'रोमन हॉलिडे'च्या (१९५३) कथेचं ऑस्कर इयान मॅक्लेलन हंटर यांना मिळालं, कारण पडद्यावर त्या लेखकाचं नाव होतं. ट्रंबोंना ते १९९३ साली, मरणोत्तर. पटकथेचं श्रेय तर लेखक संघटनेनं २०११ मध्ये दिलं. 'द ब्रेव्ह वन'वर (१९५६) 'रॉबर्ट रिच' हे टोपणनाव. ते ऑस्कर १९७५ मध्ये हाती आलं.

एकच रकाना ठेवला तर जुन्या प्रती पाहणारा चुकतो, कारण नव्या प्रतींतली नामावली बदललेली असते. म्हणून पडद्यावरचं नाव, खरा लेखक आणि दुरुस्तीचं वर्ष असे तीन रकाने ठेवावेत का? आणि हंटर यांचं नाव सहलेखक म्हणून कुठे यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.