परदेशाला मदत द्यायची तर कायदा करून द्या

कर्वेरोडचा वकील
भारत दुसऱ्या देशांना जी मदत करतो तिला कोणता कायदा लागू होतो, असं एका अशिलाने विचारलं. उत्तर एका ओळीचं आहे: असा वेगळा कायदाच नाही. घटनेच्या कलम 73 खालचा कार्यकारी अधिकार, अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागणीतला एक आकडा, आणि बाकी परिपत्रकं. 2012 पासून मंत्रालयात विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग आहे, पण त्यामागेही कायदा नाही.

भूतानला 2024-25 च्या अर्थसंकल्पात 2,068 कोटी रुपये ठेवले होते. द्यावेतच, माझी तक्रार नाही. पण सरकारी मालकीच्या एक्झिम (आयात-निर्यात) बँकेमार्फत जी कर्जं परदेशांना जातात त्यांचं बघा. हमी केंद्र सरकारची, व्याजातला फरक सरकार भरणार, निदान 75 टक्के माल भारतातून घ्यायची अट. आणि हे सगळं अर्थ मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर चालतं. म्हणजे अनुदान एका मंत्रालयात, व्याजाची सवलत दुसऱ्यात, लष्करी साहित्य आणि प्रशिक्षण तिसऱ्यात. बेरीज कुणी करायची? माहिती अधिकारात विचारलं तर कलम 8(1)(क) पुढे करता येतं, परराष्ट्र संबंधांना बाधा.

पुण्यात गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचे तरी विषय स्थायी समितीत येतो. 2023 साली आयएनएस कृपाण ही चालू स्थितीतली युद्धनौका आपण व्हिएतनामला भेट दिली, तिला संसदेची मंजुरी लागली नाही. अमेरिकेत 1961 पासून परकीय साहाय्य कायदा आहे आणि 1976 पासून शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा. आपण का करू नये?

तिरकस
पेव्हर ब्लॉकचं उदाहरण मागे घ्या साहेब. तिथे मंजुरी असते म्हणूनच तर दर वर्षी उखडतात.

खडकीकर (निवृत्त)
वकीलसाहेब, अमेरिकेचा कायदा आम्ही शेजारून अनुभवलाय, म्हणून बोलतो. 1985 ची प्रेसलर दुरुस्ती आठवा. पाकिस्तानकडे अणुस्फोटक साधन नाही, असं अमेरिकेच्या अध्यक्षांनी दर वर्षी सही करून सांगायचं, तरच मदत. कहूट्याच्या त्यांच्या अणुकेंद्रात काय शिजतंय ते जगाला दिसत होतं, तरी पाच वर्षं बिनबोभाट सह्या झाल्या. फेब्रुवारी 1989 मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानातून परतल्या आणि ऑक्टोबर 1990 मध्ये सही थांबली. कलम तेच होतं, पाकिस्तानची गरज संपली होती.

दुसरं, इजिप्त. निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथलं तर मदत बंद करायची, असं अमेरिकन कायदा सांगतो. जुलै 2013 मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना लष्कराने हटवलं. वॉशिंग्टनने काय तोडगा काढला? हा सत्तापालट होता की नव्हता हे ठरवायची कायद्याने आमच्यावर सक्तीच नाही, म्हणाले! वर्षाला 1.3 अब्ज डॉलर्सची लष्करी मदत होती. शरद ऋतूत त्यातला थोडा भाग काही काळ अडवला, एवढंच.

आता तसलं कलम आपल्याकडे आणा. 2020 मध्ये आपण म्यानमारला सिंधुवीर पाणबुडी दिली, फेब्रुवारी 2021 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. कायद्याप्रमाणे म्यानमारमधला आपला कलादान वाहतूक प्रकल्प आणि त्यातल्या सित्वे बंदराचं काम थांबवायला लागलं असतं. सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा आहे आपली त्यांच्याशी. तिकडे जवळच क्याउकफ्यू बंदरात चीन बसलाय, त्याला आयतंच मिळालं असतं. घरात बसून कलमं लिहिणं सोपं आहे.

रेशनकार्ड
मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या पिढीने ते खाल्लंय. पीएल-480 चा गहू हा अमेरिकेच्या 1954 च्या कायद्याखाली यायचा. कायदा लेखी, अटी लेखी, परतफेड रुपयांत. सगळं रीतसर. तरी 1965-66 च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन साहेबांनी जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली, कारण आपली शेतीची धोरणं बदलायची होती आणि व्हिएतनामवरून आपण बोलत होतो ते त्यांना रुचत नव्हतं. रविवार पेठेत रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या कायद्याचं काय कौतुक? देणाऱ्याच्या हातात दोरी असली की असली. तुम्ही कायदा केलात तर नेपाळ, मालदीवच्या माणसाला आपल्या संसदेतल्या चर्चा ऐकाव्या लागतील. कोण आपल्याकडून घेतोय आणि कोणत्या अटीवर, हे लोकसभेत ओरडून विचारलं जाईल. ते अपमानास्पद असतं, सांगतो.

आकडेमोड
काकांचा मुद्दा पटतो, पण मला 2021 आठवतं. 20 जानेवारीला भूतान आणि मालदीवला पहिल्या लशी गेल्या, त्या आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधल्या. एप्रिल-मेमध्ये पुण्यातच केंद्रांवर 'आज लस उपलब्ध नाही' असे कागद चिकटवलेले. आईला दोनदा परत पाठवलं. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते, आपली लस फुकट वाटली. प्रत्यक्षात बाहेर गेलेल्या साधारण साडेसहा कोटी डोसांपैकी भेट म्हणून दिलेले एक कोटीच्या आसपास. बाकी विक्री, आणि कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेचा वाटा. तेव्हा ही फोड समोर असती तर निम्मी भांडणं झालीच नसती. कायदा असो नसो, बेरीज तरी कळावी. वकीलसाहेबांशी तेवढ्यापुरती सहमत.

तिरकस
सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं फोड कळल्याने थांबतात? कुठल्या सोसायटीत राहता?

कर्वेरोडचा वकील
खडकीकर, प्रेसलरची गोष्ट अर्धीच सांगितलीत. सही थांबल्यावर पाकिस्तानने पैसे भरलेली 28 एफ-16 विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात अडकून पडली, आपल्या पश्चिम सीमेवर तेव्हा आली नाहीत. कलम नसतं तर कुणी अडवणार होतं? पाच वर्षं दुर्लक्ष झालं, मान्य. पण सहाव्या वर्षी वापरायला ते पुस्तकात होतं.

तरी मी अमेरिकन छापाच्या अटी मागतच नाहीये. म्यानमारबद्दल तुमचं बरोबर आहे, सरकारचे हात बांधू नयेत. मला ब्रिटनचं पेर्गाऊ धरणाचं प्रकरण हवंय. मलेशियातल्या त्या धरणाला ब्रिटनने 23.4 कोटी पौंड मदत मंजूर केली, आणि त्याचा धागा शस्त्रविक्रीशी जुळलेला होता. खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने प्रकल्प परवडत नाही असा लेखी आक्षेप नोंदवला होता, तरी मंत्र्यांनी रेटलं. एक स्वयंसेवी संस्था कोर्टात गेली. 1994 मध्ये उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. कशाच्या आधारावर? 1980 च्या कायद्यात मदतीचा हेतू लिहिलेला होता: त्या देशाचा विकास किंवा तिथल्या लोकांचं भलं. त्या एका वाक्यावर केस उभी राहिली. आपल्याकडे तसं वाक्यच नाही, मग मी कोर्टात काय वाचून दाखवू?

माझी मागणी एवढीच: मदतीचा हेतू कायद्यात लिहा; अनुदान, कर्ज, हमी, शस्त्रं हे सगळं मिळून वर्षाला एक विवरणपत्र संसदेसमोर ठेवा; ठरावीक रकमेच्या वर जायचं असेल तर परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीला आधी कळवा. तातडीची वेळ आली तर आधी द्या, मग सांगा.

खडकीकर (निवृत्त)
'आधी द्या, मग सांगा' यातच सगळं आलं. 2019 मध्ये ट्रम्प साहेबांनी त्यांच्या शस्त्रनिर्यात कायद्यातलं आणीबाणीचं कलम वापरून सौदी आणि अमिरातीला आठ अब्ज डॉलर्सच्या वर माल सोडला. अमेरिकन संसदेने विरोधात ठराव केले, ट्रम्पनी नकाराधिकार वापरला. विषय संपला. आणि पुढचं पाहिलंत ना? जानेवारी 2025 मध्ये एका आदेशाने परदेशी मदत गोठवली, जुलैपर्यंत परदेशी मदत देणारी त्यांची यूएसएड ही संस्था संपली. 1961 चा कायदा जागेवर होता. उलट 2022 मध्ये श्रीलंका कोसळली तेव्हा आपण चार अब्ज डॉलर्सच्या घरात मदत उभी केली. चलन अदलाबदल, इंधनासाठी कर्ज, औषधं, सगळं भराभर झालं. तेव्हा स्थायी समितीची बैठक बोलवत बसायचं होतं का?

आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) मित्रदेशांचे कॅडेट्स येतात, त्यांच्यावरचा खर्च तुमच्या विवरणपत्रात येणार. उद्या एखाद्या देशात काही घडलं की कुणीतरी विचारणार, त्यांची पोरं एनडीएत कशाला? तो पोरगा वीस वर्षांनी तिथला सेनाप्रमुख होतो आणि फोन आपल्याला करतो. हे आकड्यात कसं बसवणार?

कर्वेरोडचा वकील
सौदीच्या प्रकरणात नकाराधिकार वापरावा लागला, स्वतःच्या सहीने. कुणी दिलं आणि कुणी विरोध केला याची नोंद राहिली, मला तीच हवी आहे. श्रीलंकेला तातडीची सवलत चालली असती, ती मी वर दिलीच आहे. कॅडेट्सचा खर्च विवरणपत्रात यावा, हो. विचारू देत लोकांना. उत्तर तुमच्याकडे आहे, ते तुम्ही आत्ताच दोन ओळींत दिलंत.

आकडेमोड
एक शंका. रकमेची मर्यादा कोण ठरवणार? कारण शंभर कोटींची मर्यादा ठेवलीत तर नव्याण्णव कोटींच्या फायली येतील.

तिरकस
पेव्हर ब्लॉकवाल्यांना विचारा. त्यांना मर्यादेच्या आत तुकडे कसे पाडायचे ते पाठ आहे.