शब्दचर्चा: अ‍ॅपॉप्टोसिस, पायरोप्टोसिस, नेटोसिस आणि आपला 'आत्मघात'

निशिगंध: मराठीत आणायच्या जिवाणूसंसर्गावरच्या मजकुरात अ‍ॅपॉप्टोसिस, पायरोप्टोसिस आणि नेटोसिस हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात येतात. तिन्ही ठिकाणी 'पेशीचा आत्मघात' लिहिलं तर वाक्याला अर्थच उरत नाही. वेगळे मराठी शब्द सुचवाल का?

केंद्रक: वेगळे हवेतच. पेशी मरते, एवढंच तिन्हींत सारखं आहे.

अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानं किंवा पाकळ्या गळून पडणं. आपल्याकडे 'पानगळ' हा शब्द तयारच आहे आणि तो नुसता अर्थानं नाही, क्रियेनंही जुळतो. पान गळण्याआधी देठाशी थर तयार होतो, झाडाला उघडी जखम राहत नाही. इथेही पेशी आकसते, डीएनएचे तुकडे होतात, पटलाच्या, म्हणजे पेशीच्या आवरणाच्या, पुड्या बांधल्या जातात आणि शेजारची भक्षक पेशी त्या गिळते. आतलं काही सांडत नाही, म्हणून दाह होत नाही.

पायरोप्टोसिस नेमका उलट. कुकसन आणि ब्रेनन यांनी २००१ साली दिलेल्या या नावात 'पायरो' म्हणजे आग, ताप. जिवाणूचा अंश पेशीद्रवात सापडला की इन्फ्लमसोम हा प्रथिनांचा समूह जुळतो, तो कॅस्पेज-१ या कापणाऱ्या विकराला जागं करतो आणि ते गॅसडर्मिन-डी हे प्रथिन कापतं. कापलेले तुकडे आतून पटलात घुसतात, तीसेक तुकड्यांचं कडं होतं आणि मधे साधारण २१ नॅनोमीटरचं छिद्र पडतं. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हे संदेशवाहक प्रथिन बाहेर जातं आणि ताप चढवतं.

अवग्रह: मग 'दाहमृत्यू' म्हणा. वाचणाऱ्याला पेशी जळून मेली असं वाटण्याचा धोका आहे, पण वैद्यकात 'दाह' आता रुळलेला आहे. 'स्फोटमृत्यू' मात्र नको, कारण पेशी एकदम फुटत नाही. 'छिद्र पडणं' आणि 'फाटणं' या दोन पायऱ्या आहेत. पटल फाडण्याचं काम निंजुरिन-१ हे वेगळं प्रथिन करतं, हे २०२१ साली स्पष्ट झालं. तोवर पाणी शिरून पेशी आपोआप फुटते असंच धरलं जाई.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. इंटरल्यूकिन-१ बीटाचा रेणू १७ किलोडाल्टन वजनाचा, ते छिद्रातून निघतं. एलडीएच हे पेशीतलं विकर १४० किलोडाल्टनचं, ते पटल फाटल्याशिवाय बाहेर येत नाही. पेशी वाढवायच्या माध्यमात ५ मिलीमोलर ग्लायसीन हे अमिनो आम्ल घातलं तर छिद्रं पडतात, प्रोपिडियम आयोडाइडचा रंग आत जातो, पण पटल फाटत नाही. म्हणून 'एलडीएच आलं नाही, म्हणजे पायरोप्टोसिस झालाच नाही' हे वाक्य चुकीचं ठरतं.

केंद्रक: आणखी एक ठरलेली चूक: 'छिद्र पडतं आणि जिवाणू बाहेर पडतात'. साल्मोनेला हा जिवाणू काही मायक्रोमीटर, म्हणजे हजारो नॅनोमीटर, लांब असतो. २१ नॅनोमीटरच्या छिद्रातून तो कसा जाणार? फाटल्यानंतरही बरेच जिवाणू त्या कलेवरातच अडकून राहतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येऊन ते कलेवर जिवाणूंसकट गिळतात. इथे 'सापळा' शब्द चपखल बसतो.

निशिगंध: अ‍ॅनेक्सिन-व्ही या मरणाऱ्या पेशी ओळखायच्या प्रथिनाचा रंग दिसला की अ‍ॅपॉप्टोसिस, असं मूळ मजकुरात आहे. तसंच ठेवावं?

केंद्रक: नाही, तिथे दुरुस्ती सुचवा. अ‍ॅनेक्सिन फॉस्फॅटिडिलसेरीन या पटलातल्या मेदाला चिकटतं. अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये हा मेद पटलाच्या बाहेरच्या बाजूला येतो. दाहमृत्यूत पटलच गळकं झाल्यामुळे अ‍ॅनेक्सिन आत शिरून तिथे चिकटतं. दोन्हीकडे रंग दिसतोच. शिगेला या जिवाणूनं मरणाऱ्या भक्षक पेशींना १९९२ साली अ‍ॅपॉप्टोसिसचंच नाव मिळालं होतं. खात्री हवी तर वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या चाचणीत गॅसडर्मिन-डी बघावं: अखंड ५३ किलोडाल्टन, छिद्र पाडणारा तुकडा सुमारे ३१. पट्टी ४३ ला दिसली तर सावध व्हा. तो तुकडा कॅस्पेज-३ नं वेगळ्या जागी कापलेला असतो, त्यानं छिद्र पडत नाही.

निशिगंध: आणि नेटोसिस?

अवग्रह: न्यूट्रोफिल आपलाच डीएनए हिस्टोन आणि इलास्टेज या प्रथिनांसकट बाहेर फेकतं, त्यात जिवाणू अडकतात. हे २००४ साली वर्णिलं गेलं. 'जाळं' हा शब्द सरळ आहे, पण 'जाळेमृत्यू' सरसकट लिहू नका. काही न्यूट्रोफिल काही मिनिटांत जाळं फेकून जिवंत राहतात, काहींत दोन-चार तास लागतात आणि पेशी मरते. क्रियेला 'जाळं फेकणं' म्हणा, पेशी मेली असं मजकुरात असेल तरच 'मृत्यू' जोडा.

'आत्मघात' तिन्हींतून काढाच. 'आत्मघातकी' म्हटलं की मराठीत स्वतःचंच नुकसान करणारं असा अर्थ लागतो. इथे पेशी मरते तेव्हा जिवाणूचं राहतं घर जातं. ते वाचवायला शिगेला मुद्दाम आयपीएएच ७.८ हे प्रथिन सोडून माणसाचं गॅसडर्मिन-डी नष्ट करवतो. 'बलिदान'ही नको, त्यात पेशीला हेतू चिकटतो.

निशिगंध: मग पहिल्या उल्लेखाला 'पायरोप्टोसिस, म्हणजे दाहमृत्यू' आणि पुढे नुसतं 'दाहमृत्यू'.

केंद्रक: चालेल. 'पानगळ' मात्र खुलाशातच ठेवा. तक्त्यात आणि आकृतीत 'अ‍ॅपॉप्टोसिस'च लिहा, नाहीतर वाचणारा झाड शोधत बसेल.