सुषमा स्वराज: तुमच्या आठवणी लिहा

गोदाकाठ: काल माळ्यावरून बाबांचा कॅसेटचा डबा काढला. एकीवर त्यांच्या अक्षरात ‘सुषमा स्वराज, लोकसभा, जून 1996’. देवेगौडांच्या विश्वासदर्शक ठरावावरची चर्चा. बाबा टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून बसलेले, आईला कुकर लावायलाही बंदी. रामाचं राज्य घालवायला एक मंथरा पुरली, युधिष्ठिराला एक शकुनी, आमच्यासमोर तर कितीतरी, असं त्या म्हणाल्या तेव्हा बाबांनी मांडीवर मारलेली थापसुद्धा टेपात आहे. बाबा जाऊन 4 वर्षं झाली. मी त्या पक्षाला कधी मत दिलं नाही, पण शाळेत वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले ती त्या भाषणामुळे. तुमच्याही आठवणी असतील तर लिहा.

चहा_आलं_घालून: मांडीवरची थाप!! डोळ्यांत पाणी आलं गं. कॅसेट लगेच मोबाईलवर उतरवून घे, बुरशी धरते.

सोलापूरकर: कर्नाटकातलं बेळ्ळारी, 1999 ची लोकसभा निवडणूक. आमची आत्या तिथे दिलेली. समोर सोनिया गांधी, प्रचाराला मोजके दिवस, आणि बाई चक्क कन्नडमधून बोलायला लागल्या. आत्या म्हणायची, "उच्चार आपल्यासारखे नाहीत, पण अडत नाही कुठे." 56 हजारांच्या आसपास मतांनी पडल्या. पडलेल्या गावात पुन्हा कोण फिरकतं? त्या वरमहालक्ष्मीच्या पूजेला वर्षानुवर्षं जात राहिल्या. आत्याच्या घरी अजून काँग्रेसलाच मत, पण नाव निघालं की ‘आमच्या सुषमाबाई’.

पाटीलवाडा: वक्ते म्हटल्यावर प्रमोद महाजन कसे विसरता! लोकसभेत त्यांनी सांगितलेला चीन दौऱ्यातला किस्सा, आपली लोकशाही कशी चालते असं तिथे विचारल्यावर म्हणाले: सगळ्यात मोठ्या पक्षाचा मी, तर विरोधात. दुसऱ्या नंबरचा पक्ष बाहेरून पाठिंबा देतोय. आणि हे रमाकांत खलप, पक्षाचे एकटेच खासदार, तर सरकारात!

मांडवीतीर: खलप आमच्या गोंयचे, मगोपचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष). अजून ऐकलं की हसू येतं.

चहा_आलं_घालून: अहो, धागा सुषमाताईंचा आहे, महाजनांचा वेगळा काढा की.

लाइटबॉय_दादर: 1998 साली त्या माहिती-प्रसारण खात्यात असताना चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा मिळाला. काका प्रॉडक्शनमध्ये होते. तोवर बँका दारात उभं करत नसत, सावकारी व्याजाने पैसा उचलायचा. काकांनी त्या दिवशी युनिटला पेढे वाटले. स्टेशन आलं, बाकी रात्री लिहितो.

नर्मदा७२: प्रवक्त्या म्हणून फार आवडायच्या. कागद न बघता बोलणं, आवाज न चढवता उत्तर. पण 2004 मध्ये सोनिया पंतप्रधान झाल्या तर मुंडण करीन म्हणाल्या, ते मनाला लागलं. एवढ्या हुशार बाईने दुसऱ्या बाईबद्दल असं बोलू नये.

सोलापूरकर: पटलं. आत्यालाही तेच खटकलं होतं.

उंबरठा: मावसबहीण येमेनमध्ये नर्स होती. एप्रिल 2015, तिथल्या राजधानीत, सनात, बॉम्ब पडत होते. जिबूतीमार्गे विमानाने मुंबईत आली. मावशी देवघरात बसूनच राहिलेली. परराष्ट्रमंत्री कोण, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

परभणीची_लेक: लहानपणी चुकून पाकिस्तानात गेलेली, सुषमाताईंनी 2015 मध्ये परत आणलेली मूकबधिर गीता पुढे आमच्या परभणीतच राहायला आली होती, आठवतंय का?

सुनंदा_क: नोव्हेंबर 2016. मूत्रपिंड निकामी झालंय, डायलिसिस चालू आहे, असं त्यांनी ट्विटरवर स्वतःच सांगून टाकलं. त्याच महिन्यात आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू झालं होतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून हे हटून बसलेले. बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्वतः सांगितलं. 6 ऑगस्ट 2019 ला त्या गेल्या, त्या रात्री हे जेवले नाहीत.

गोदाकाठ: सुनंदाताई, काका कसे आहेत आता?

सुनंदा_क: बरे आहेत गं. आठवड्यातून 3 दिवस. ती टेप उतरवलीस की ह्यांच्यासाठी पाठव.