मदत हवी आहे: पेलोडच्या पॉवर बोर्डात साधा सिलिकॉनचा मॉसफेट (पॉवर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) चालेल का गॅन (गॅलियम नायट्राइडचा) घ्यावा?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. आमच्या पोरांचा छोटा पेलोड बनवणं चालू आहे, पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर पोएम म्हणून कक्षेत फिरत राहतो ना, त्यावर पाठवता येईल असा. मंजुरी वगैरे अजून काही नाही, पण बोर्ड तरी त्या तयारीचा पाहिजे ना भाऊ. 28 व्होल्टचे 5 करणारा सिंक्रोनस बक कन्व्हर्टर आहे, म्हणजे वरचा न् खालचा असे दोन मॉसफेट आळीपाळीने चालू-बंद होतात, दोन्ही एन चॅनल. सध्या फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून चालवतो, लाइन गेली तरी काम थांबत नाही. स्कोपवर स्विच नोडला (दोन मॉसफेटच्या मधल्या जोडाला) मात्र 40 व्होल्टच्या वर जाणारे स्पाइक दिसतात.

रेडिएशनचे दोन त्रास वेगळे आहेत. एकूण डोस बोंडअळीसारखा आतून पोखरतो, गेट ऑक्साइडमध्ये पॉझिटिव्ह चार्ज अडकत जातो, एन चॅनलचा थ्रेशोल्ड (चालू व्हायला लागणारं गेटचं व्होल्टेज) उतरतो आणि शेवटी गेट शून्यावर असूनही तो नीट बंद होत नाही. युरोपा क्लिपर यानाच्या मॉसफेटबद्दल 2024 मध्ये लाँचच्या तोंडावर नासाला हीच धास्ती होती, सगळं तपासून मगच ऑक्टोबरमध्ये सोडलं. पण ते चाललं गुरूकडे, तिथे रेडिएशन प्रचंड. पोएम-3 तर 350 किमी उंचीवर होतं आणि काम थोड्या दिवसांचं, म्हणून डोसचं मला तेवढं टेन्शन नाही.

टेन्शन आहे बर्नआउटचं. मॉसफेट बंद आहे, ड्रेनवर व्होल्टेज आहे आणि एकच जड आयन आरपार गेला तर आतला पॅरासिटिक ट्रान्झिस्टर चालू होतो न् मॉसफेट जागीच जळतो. पोरं म्हणतात दक्षिण अटलांटिकवरून जाताना कन्व्हर्टर बंद ठेवू, तिथे प्रोटॉन जास्त असतात म्हणून. मला हे पटत नाही, स्विचिंग थांबलं तरी वरच्या मॉसफेटवर पूर्ण 28 व्होल्ट असतातच, आणि धोका तर बंद अवस्थेतच आहे! इनपुटच तोडायचं म्हटलं तर तोडणाराही मॉसफेटच.

आता विचारायचं ते असं, 100 व्होल्टचा साधा मॉसफेट 28 वर वापरला, स्पाइक स्नबरने (रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीने) दाबले, तर एवढं डिरेटिंग (रेटिंगपेक्षा कमी व्होल्टवर वापरणं) पुरतं का? वरती पी चॅनल टाकला तर बर्नआउटचा धोका फार कमी होतो हे माहीत आहे, पण 5 व्होल्टला लॉस किती वाढेल, कोणी केलंय का? गॅनमध्ये गेट ऑक्साइडच नाही म्हणून डोस सोसतो, पण ड्रायव्हर आयसी सिलिकॉनचाच, त्याला लॅचअप झाला (आत शॉर्टसारखी वाट चालू होऊन करंट वाढतच राहिला) तर? करंट लिमिट लावून सप्लाय बंद-चालू करायचं सर्किट किती फास्ट पाहिजे?

आणि टेस्टिंगचं. गामा चेंबरमध्ये डोस देता येतो पण आयन नसतात, म्हणजे बर्नआउट तिथे दिसणारच नाही, शिवाय बायपोलर रेग्युलेटर हळू डोसने जास्त बिघडतात, त्यामुळे घाईत केलेली टेस्ट पास झाली तरी भरवसा नाही. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये पेलेट्रॉनवर (आयनांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रावर) बीम टाइम, म्हणजे टेस्टसाठी वेळ, घेतलेलं कोणी इथे आहे का? प्रपोजल कसं लिहिलं, मॉसफेटचं झाकण काढून चिप उघडी कशी केली, तेवढं सांगा ना. रॅड-हार्ड (रेडिएशन सोसतील असे खास बनवलेले) पार्ट आमच्या बजेटमध्ये बसत नाहीत, तो सल्ला सोडून बाकी सगळं चालेल.