किराया वाढवून मागितला तर आधी हद्द पाहा

विषय: गावाकडच्या खोल्यांचा किराया

नमस्कार मंडळी,

वाशिम जिल्ह्यातलं गाव. दोन खोल्या आणि पडवी, किराया महिना ३,००० रुपये. करार तोंडी, पावती कधीच नाही. आता घरमालकांचा निरोप आला आहे की पुढल्या महिन्यापासून ४,५०० द्या, नाहीतर खोल्या खाली करा. राहणाऱ्या बाई वयस्क आहेत, मुलं इकडे परदेशात. वर्षाला ४ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही म्हणतात. तेवढं लिहून पाठवलं की भागेल का?

आपली,
कारंज्याची ताई

विषय: पुन्हा: गावाकडच्या खोल्यांचा किराया

ताई, तेवढ्यानं भागणार नाही. ४ टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो गावोगावी लागू नाही, आणि लोक नेमके इथंच फसतात.

तो नियम महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ मधला. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याच्या अनुसूचींत (कायद्याला जोडलेल्या याद्यांत) जी क्षेत्रं येतात तिथंच तो चालतो. पुष्कळशी ग्रामपंचायतीची गावं त्यात येत नाहीत. गावाची नगरपंचायत झाली म्हणून कायदा आपोआप लागू झाला असंही धरू नका. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात भाड्याचे दावे चालवणाऱ्या वकिलाला गावाचं नाव सांगून आधी हे पक्कं करून घ्या. ते कळल्याशिवाय पत्रात कलमाचा आकडा टाकू नका. चुकीचं कलम लिहिलेलं पत्र समोरच्या वकिलाच्या हाती आयतं मिळतं.

जागा कायद्याच्या हद्दीत असेल तर ३,००० वर ४ टक्के म्हणजे १२० रुपये. घरटॅक्स वाढला असेल तर ती वाढ कलम १२ खाली वेगळी मागता येते, पण पावती दाखवून. नुसतं ‘टॅक्स वाढला’ म्हणणं पुरत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी कलम ५५ नं घरमालकावर टाकली आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तोंडी व्यवहार इथं आपल्याच बाजूनं आहे. एक सावधगिरी मात्र हवी. वाढीच्या बोलण्यात घरमालक ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा, कागद पुढे करतात. त्यावर सही केली की मुदत संपल्यावर जागा सोडावी लागते, आणि नाही सोडली तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं भरपाई बसते. जुन्या किरायेदारानं तो कागद घाईत करू नये.

जागा हद्दीबाहेर असेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्यात वाढीला टक्क्यांची मर्यादा नाही. पण एकट्या घरमालकाच्या म्हणण्यानं किराया वाढतही नाही, दोघांची संमती लागते. आपण नाही म्हटलं तर महिनेवारी किरायेदारी १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन संपवणं एवढाच रस्ता त्यांच्यापुढे उरतो, आणि त्यानंतरही कोर्टात दावा लावावा लागतो. कुलूप लावलं, सामान बाहेर काढलं, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. मुदत सहा महिने. म्हणून गावात हुज्जतीपेक्षा बोलणी बरी: आता ३,३०० आणि पुढं दरवर्षी ठरावीक वाढ, असं कागदावर आणा. मुदत वर्षाहून जास्त असेल तर तो कागद नोंदवावाच लागतो.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: जुना किराया एक दिवसही थांबवू नका. रागानं किराया बंद केला की वाढीचा वाद बाजूला राहतो आणि थकबाकीचा दावा उभा राहतो. १९९९ च्या कायद्यात मागणीच्या नोटिशीनंतर ९० दिवस मिळतात. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह आणि खर्चासह भरता येते. हद्दीबाहेर हा आधार नाही.

— वकीलकाका

विषय: पुन्हा: पुन्हा: गावाकडच्या खोल्यांचा किराया

काकांच्या म्हणण्यात पैसे देण्याच्या पद्धतीची भर घालतो.

रोख देणं बंद करा. यूपीआयनं देताना शेऱ्यात ‘किराया, जून’ लिहा, आणि पैसे घरमालकाच्याच नावच्या खात्यात जाऊ द्या. मुलाच्या नंबरवर गेलेले पैसे उद्या ‘उसने दिले होते’ ठरतात. इथून पाठवत असाल तर ‘अमुक यांच्या वतीनं किराया’ असं नोंदवा. घेत नसतील तर चेक स्पीड पोस्टनं पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं). ‘घेण्यास नकार’ शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट हाच पुरावा.

पत्र चार ओळींचं पुरे:

‘आपण अमुक तारखेला तोंडी सांगितलेली किरायावाढ मला मान्य नाही. ठरलेला किराया दरमहा ३,००० रुपये आहे. चालू महिन्याचा किराया अमुक तारखेला आपल्या खात्यात जमा केला आहे. कृपया पावती द्यावी.’

‘तूर विकली की पाहू’, ‘दिवाळीनंतर देतो’ असलं काही त्यात नको, ती कबुली होते. एका महिन्यापुरते जरी ४,५०० दिले, तरी पुढं तोच ठरलेला किराया म्हणून दाखवला जातो.

दुकानाचा गाळा ग्रामपंचायतीचा किंवा नगर परिषदेचा असेल तर वेगळी गोष्ट. स्थानिक संस्थेच्या जागा कलम ३ नं १९९९ च्या कायद्यातून वगळल्या आहेत. तिथं वाढ ठरावानं होते. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून ठरावाची नक्कल आणि सगळ्या गाळ्यांच्या किरायाची यादी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. शेजारच्या गाळ्याला वेगळा दर लावला असेल तर हरकत लेखी द्या.

— आर्वीचा दादा

विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: गावाकडच्या खोल्यांचा किराया

दादांचं बरोबर. इकडच्या लोकांसाठी आणखी दोन गोष्टी.

किरायेदारी परदेशातल्या मुलाच्या नावावर आणि खोल्यांना कुलूप, असं नको. दाव्याच्या आधीचे सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरात नसेल, तर १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ खाली घरमालकाला ताबा मागता येतो. बाई स्वतः राहतात, तर पत्र आणि पावती त्यांच्याच नावानं असू द्या.

कोर्टकामासाठी मुखत्यारपत्र लागलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. फोन १५१००.

ताई, गावाचं नाव कळवा. हद्दीचं कोर्टातल्या वकिलांकडून विचारून घेतो, तोवर या महिन्याचे ३,००० पाच तारखेच्या आत जाऊ द्या.

— वकीलकाका