मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि प्रत्यक्ष प्रवास किती तासांचा?

प्रश्न:
येत्या जानेवारीत माझे आई-वडील थेट विमानाने मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जाणार आहेत. तिकिटावर निघण्याची वेळ रात्री 1.30 आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी 7 अशी आहे. परतीचे विमान तिथून सकाळी 11 वाजता निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 वाजता मुंबईत उतरते. आईला मधुमेहाची औषधे ठरावीक अंतराने घ्यावी लागतात, म्हणून नेमके तास हवे आहेत. अंतर तेच असताना येण्या-जाण्याच्या वेळेत फरक का पडतो, हेही कृपया सांगावे.

उत्तर 1:
तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असल्याने तिथे सकाळचे 7 वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे 5.30 झालेले असतात. म्हणजे जाताना 16 तास आणि येताना साडेचौदा. परतीची तारीख मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतरची असेल, तर मात्र हिशेब नव्याने करा, कारण त्या दिवसापासून तिथली घड्याळे एक तास पुढे जातात. आईंच्या हातातले घड्याळ विमानात भारतीय वेळेवरच राहू द्यावे आणि औषधांच्या वेळा त्यावरून डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

उत्तर 2:
पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेवरून उडायचे ठरवले, तर तेच 14,200 च्या आसपास जाते. जवळची वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, मॉस्कोचा परिसर आणि फिनलंडवरून आइसलंडकडे चढते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून लॅब्राडॉरवर उतरते आणि मग न्यूयॉर्क गाठते. प्रत्यक्षात वारे आणि देशोदेशींच्या हवाई हद्दी पाहून मार्ग रोज ठरतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घालणे भाग पडले.

वेळेतला फरक वाऱ्याचा आहे. विमान ज्या 10 ते 12 किलोमीटर उंचीवर उडते, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. वारा नसताना ताशी 900 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला सरासरी 60 किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर हे अंतर कापायला 15 तास लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर 13 पुरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्याची वाट पाहणे आणि वळसे हे सगळे धरून वेळापत्रकातले आकडे तयार होतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मध्ये थांबा घेणारे तिकीट आईला सोपे जाईल का?

उत्तर 3:
चालायला मिळते हे खरे, पण दुसऱ्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी आणि लांबलचक चाल पदरी पडते, आणि एकूण प्रवास सहज 20 तासांच्या वर जातो. त्यामुळे मी थेट विमानच सुचवीन. औषधे मात्र चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवा आणि उशीर गृहीत धरून एका दिवसाची जास्तीची घ्या.