शब्दचर्चा : ‘मार्कर’ला मराठीत काय लिहावं?

रंकाळा
नमस्कार मंडळी. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. रक्तवाहिन्यांना त्रास सुरू झाल्याचं रक्ततपासणीतून लवकर कळू शकतं का, असा त्यातला एक भाग आहे. ‘मार्कर’साठी, म्हणजे असा त्रास सुचवणाऱ्या रक्तातल्या घटकांसाठी, ‘नसा खराब झाल्याची लक्षणे’ असं लिहिलंय. कोल्हापुरात कुणालाही कळेल असं वाटतं. चालेल का?

शाहूपुरी
ताई, ‘नस’ नको. आपल्याकडं ‘मानेची नस दबली’ म्हणतात तेव्हा तो मज्जातंतू असतो, आणि ‘सलाईनला नस सापडेना’ म्हणतात तेव्हा रक्तवाहिनी. एरवी संदर्भानं निभावतं, पण मधुमेहात धोका दोन्हींना असतो. पायाला मुंग्या येणं हे मज्जातंतूंचं दुखणं. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड इथं बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. ‘रक्तवाहिनी’च लिहा, शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे.

पन्हाळा
‘लक्षण’सुद्धा काढा. लक्षण म्हणजे माणसाला जाणवतं ते : तहान, थकवा, धूसर दिसणं. इथं तर पोरगं मैदानावर धावतंय, त्याला काहीच होत नाहीय, आणि तरी रक्तात एखादा घटक वाढलेला असतो. त्याला ‘निदर्शक’ म्हणावं. ‘पुरावा’ही नको, तो फार पक्का शब्द झाला. यातले बरेच घटक साध्या तापातही वाढतात.

रंकाळा
हे घटक नेमके येतात कुठून, ते दोन ओळींत सांगाल का? मला तिथंच ‘एंडोथेलियम’ अडतंय.

पन्हाळा
रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, कोटाला अस्तर असतं तसा. ‘अंतःस्तर’ बरोबर आहे, पण पत्रकात ‘आतलं अस्तर’च शोभेल. साखर सतत चढी राहिली की हे अस्तर चेतवलं जातं आणि पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू पृष्ठभागावर आणतं : ई-सिलेक्टिन, आयकॅम-१, व्हीकॅम-१. त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात आणि तेच मोजतात. रक्त गोठायला मदत करणारा व्हॉन विलेब्रँड घटकही याच पेशींत साठवलेला असतो. तो कमी पडला तर रक्तस्राव थांबत नाही, आणि त्या आजाराचं वर्णन फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली केलं. मधुमेहात उलट तो वाढलेला दिसू शकतो. आता नीट बघा : अस्तर चेतवलं जाणं म्हणजे ते फाटणं नव्हे. म्हणून ‘हानी’च्या आधी ‘बिघाड’ हा शब्द यायला हवा. ‘हानी’ वाचली की आईच्या काळजात धस्स होतं, आणि ते विनाकारण होऊ नये.

शाहूपुरी
एक महत्त्वाचं. हे निदर्शक मुख्यतः संशोधनात मोजतात. पत्रक वाचून कुणी लॅबमध्ये जाऊन ‘आयकॅम करा’ म्हणू नये. मुलांसाठी रोजच्या व्यवहारातली तपासणी म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि डोळ्याचा पडदा. वयात आल्यावर किंवा ११ व्या वर्षापासून, आजाराला २ ते ५ वर्षं झाली की ती सुरू करायची असते. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर सतत येत असेल तर मूत्रपिंडाकडं लक्ष द्यायला हवं.

रंकाळा
आणि एचबीएवनसी? तोही मार्करच म्हणायचा ना?

शाहूपुरी
हो, पण साखरेचा, रक्तवाहिन्यांचा नव्हे. लोक ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ते छान आहे, तसंच ठेवा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो हिशेब. ही साखर आटोक्यात ठेवल्यानं डोळे आणि मूत्रपिंड वाचतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या टाइप १ मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं. एचबीएवनसीचा आकडा मात्र पत्रकात ठळक छापा.

पन्हाळा
पत्रकाच्या शीर्षकात ‘युवा मधुमेह’ दिसतोय तो बदला, ताई. हल्ली टाइप २ सुद्धा तरुण मुलांना होतो. सरळ ‘टाइप १ मधुमेह असलेली मुले’ लिहा.